भगंदर: दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून

गुदद्वाराशेजारी त्वचेवर एक बारीक छिद्र. त्यातून पू येतो, कपड्याला डाग लागतो, मग छिद्र मिटतं. महिन्याभरात पुन्हा फुटतं. हे भगंदराच्या नळीचं बाहेरचं तोंड. आतलं तोंड गुदनलिकेत दोनेक सेंटिमीटर वर असतं. ते उघडं आहे तोवर मलमं लावा, अँटिबायोटिक घ्या, नळी काही बुजत नाही.

नळीच्या वाटेत एकात एक बसलेली दोन स्नायूवलयं आहेत. आतलं झोपेतही आपोआप आवळलेलं असतं, बाहेरचं आपण आवळतो. नळी अगदी खालून गेली असेल तर ती चिरून उघडी करणं हाच आजही सर्वांत खात्रीचा उपाय. पण बाहेरच्या स्नायूचा एक तृतीयांशाहून जास्त भाग तिच्या कवेत असेल, तर चिरल्यावर भगंदर जाईल आणि वायू, पातळ शौच रोखणं अवघड होऊन बसेल. बायकांमध्ये पुढच्या बाजूला हा स्नायू मुळातच आखूड, त्यात बाळंतपणात दुखावलेला असू शकतो. तिथे चीर टाळलेलीच बरी.

2007 साली बँकॉकचे सर्जन अरुण रोजनासकुल यांनी ‘लिफ्ट’ ही पद्धत मांडली. स्नायू कापायचाच नाही. दोन्ही वलयांच्या मधल्या फटीत शिरून नळी तिथेच बांधायची.

आधी एमआरआय, नळीचे फाटे कळावेत म्हणून. पू साठलेला असेल तर सैल दोरा, म्हणजे सेटन, घालून दोन-तीन महिने निचरा होऊ देतात. आयुर्वेदातल्या क्षारसूत्राशी, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याशी, याची गल्लत नको. ते आठवड्याला बदलत हळूहळू कापत जातं, हा दोरा कापत नाही.

बाहेरच्या तोंडातून सलाईन सोडलं की ते आत कुठे येतं, त्यावरून आतलं तोंड सापडतं. नळीत सळई सरकवतात. दोन स्नायूंमधल्या खाचेवर दीड-दोन सेंटिमीटरची अर्धगोल चीर. फट अलगद उकलत गेलं की सळईवर ताणलेली नळी हाताला दोरीसारखी लागते. काटकोनी चिमटा तिच्याखालून फिरवायचा, सळई काढायची, आतल्या स्नायूला अगदी खेटून 3-0 व्हिक्रिलची, म्हणजे विरघळणाऱ्या बारीक दोऱ्याची, गाठ मारायची आणि नळी छेदायची. मग पुन्हा बाहेरून सलाईन सोडायचं: ते आता गुदनलिकेत येता कामा नये. उरलेली नळी खरवडतात, बाहेरचं तोंड निचऱ्यासाठी उघडंच ठेवतात.

बिघडतं ते बहुधा इथेच. गाठ स्नायूपासून लांब पडली की मागे कप्पा उरतो. नळी कोवळी असली की ओढताना तुटते, आतलं टोक मागे सरकतं. एखादा फाटा नजरेतून सुटतो.

यश सरसकट नाही. बऱ्याच अभ्यासांत ते 100 पैकी 60 ते 80 रुग्णांत मिळालेलं दिसतं. मात्र फसल्यावर पू पुष्कळदा त्या मधल्या चिरेतूनच बाहेर येतो, म्हणजे नळी आता बाहेरचा स्नायू ओलांडत नाही. अशी आखूड नळी साध्या चिरेने उघडता येते.