संगणकाच्या पोटातला संगणक

(दृश्य: खडेबाजारची गर्दी, मग एका डीटीपीच्या दुकानात)

लग्नसराई आली की बेळगावातल्या या दुकानात पेनड्राइव्हचा ढीग पडतो. पत्रिकेची एक बाजू मराठी, दुसरी कन्नड. खानापूरहून, निपाणीहून मजकूर येतो आणि त्याच्यासोबत फाँटही. "लावून बघा की," म्हणत दिलेली सेटअप फाइल मूळची कुठली, हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

(दृश्य: पडदा, जवळून)

अशी फाइल आधी तपासायला विंडोजच्या आत दुसरं विंडोज सुरू होतंय. व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने दुकानातल्या मशीनची थोडी रॅम आणि प्रोसेसरचे दोन कोअर त्याला काढून दिलेत. त्याची हार्ड डिस्क म्हणजे खरं तर एक भलीमोठी फाइल. आठ जीबीपैकी चार जीबी रॅम आत गेली की बाहेरचं काम रेंगाळतं, पण तेवढं चालायचं. आतलं मशीन सुरूच होत नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (मशीनच्या आत मशीन चालवायची सोय) बंद आहे का ते आधी बघावं. आणि हो, आतल्या विंडोजलाही परवाना लागतो. हे मात्र सगळेच सोयीस्करपणे विसरतात.

इन्स्टॉल झालं की पहिलं काम स्नॅपशॉट, म्हणजे आतलं मशीन त्या क्षणी जसं आहे तसं जपून ठेवणं. मग नेटवर्क तोडायचं, शेअर्ड फोल्डर आणि सामायिक क्लिपबोर्ड बंद करायचा. पेनड्राइव्ह खोचल्यावर थेट आत जावा म्हणून यूएसबी फिल्टर लावायचा.

(दृश्य: फाइलवर डबल क्लिक)

फाँट आला. न मागता एक टूलबारही आला, ब्राउझरचं पहिलं पान बदललं. मशीन बंद. स्नॅपशॉट रिस्टोअर. बघा, सगळं पहिल्यासारखं! पेनड्राइव्ह मात्र यात साफ होत नाही, तो वेगळा तपासावा लागतो.

हेच बाहेर घडलं असतं आणि फाइल रॅन्समवेअरची, म्हणजे सगळ्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरची असती, तर हिशेबासकट सगळं गेलं असतं.

व्हायरसला आतून बाहेर यायला वाट नाहीच, असंही नाही. २०१५ मध्ये सापडलेली 'व्हेनम' ही त्रुटी व्हर्च्युअल फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये होती, तेही फ्लॉपी कुणी वापरत नसताना! व्हर्च्युअलबॉक्सलाही तिची दुरुस्ती करावी लागली. म्हणून अपडेट टाळू नयेत. गल्लोगल्लीच्या क्लासमध्ये टॅली शिकवतात, मग हे का नाही?

(दृश्य: यादीतलं दुसरं मशीन)

हे विंडोज एक्सपी. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फाँटमधल्या पत्रिका अजून यातच उघडतात. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये त्याला नियमित अपडेट देणं थांबवलं, त्यामुळे याला नेट कधीच जोडत नाहीत.