चाचणी माकडाची, जीव माणसाचा

(दृश्य : राजारामपुरीतली एक लॅब. एलायझा या रक्ततपासणीची प्लेट जवळून.)

पावसाळा लागला की कोल्हापुरातल्या लॅबमध्ये डेंग्यूसाठी ही ९६ खळग्यांची प्लेट रोज हाताळली जाते. अशाच प्लेटवर संशोधनासाठी पाळलेल्या माकडांचं रक्तही तपासतात. तिथं शोध असतो ‘बी’ विषाणूचा.

तापानंतर आपल्या ओठावर फोड उठतात ना, त्या हर्पिसचा हा भाऊबंद. ऱ्हीसस असो की आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातलं टोपी माकड, त्यांना तो फारसा त्रास देत नाही. नसांच्या गाठींत जन्मभर दडून बसतो, मधूनच लाळेत उतरतो. माणसात शिरला तर मेंदू गाठतो. उपचार नाही मिळाले तर दहांतले सात-आठ दगावतात. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये माकड चावल्यानंतर डॉ. विल्यम ब्रेबनर गेले. १९९७ मध्ये अमेरिकेतच २२ वर्षांच्या एका तरुणीच्या डोळ्यात माकडाकडून थेंब उडाला. तीही वाचली नाही. अशा घटना जगभरात मोजक्याच, पण पिंजरा धुणाऱ्याला रोजच माकडाजवळ जावं लागतं.

(दृश्य : तंत्रज्ञ पिपेटनं थेंब सोडतो आहे.)

खळग्याच्या तळाशी विषाणूची प्रथिनं चिकटवलेली असतात. माकडाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं असली, तर ती तिथं अडकतात आणि रंग उमटतो. पेच आहे तो ही प्रथिनं आणायची कुठून, याचा. पूर्वी त्यासाठी जिवंत विषाणूच वाढवावा लागे. म्हणजे माकडाची तपासणी करायची आणि जीव तंत्रज्ञाचा टांगणीला! त्याला जैवसुरक्षा स्तर ४ ची, म्हणजे सर्वांत कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा हवी. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तशी आहे. गावोगावी ती कुठून असणार?

मग संशोधकांनी बबून या आफ्रिकी माकडातला हर्पिस पॅपिओ २ हा विषाणू घेतला. त्याची प्रथिनं ‘बी’शी इतकी जुळतात, की ‘बी’विरुद्धची प्रतिपिंडं त्यालाही धरतात, आणि तो स्तर २ मध्ये वाढवता येतो. दुसरी वाट आम्हाला अधिक मोलाची वाटते : विषाणू आणायचाच नाही. त्याच्या आवरणावरच्या ग्लायकोप्रथिनांची (साखर जोडलेल्या प्रथिनांची) फक्त जनुकं कीटकांच्या पेशींत घालायची. पेशी प्रथिन बनवून देतात, आणि नुसत्या प्रथिनानं कुणाला लागण होत नाही.

तरी रंग उमटला नाही म्हणून माकड निर्धोक, असं धरायचं नाही. लागण ताजी असेल तर प्रतिपिंडं अजून तयार झालेली नसतात, म्हणून फेरतपासण्या होतात. तोवर आणि त्यानंतरही चष्मा, हातमोजे हवेतच. चावलं, ओरखडलं तर जखम साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवायची, आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, की हे माकडाचं आहे.