पावती नाही तर नोकरी नाही?

मित्रहो, युनियनची पावती फाडल्याशिवाय, म्हणजे वर्गणी भरून सभासद झाल्याशिवाय, कामावर घ्यायचंच नाही, असा नियम असावा की नसावा? आपल्या कोकणातल्या कारखान्यांच्या वसाहतींत विचारा: लोट्याला विचारा, महाडला विचारा, रोह्याला विचारा. जुना कायम कामगार म्हणेल, असावाच. ठेकेदाराकडचा पोरगा विचारेल, आधी नोकरी द्या, मग पावतीचं बोलू.

असावा म्हणणाऱ्यांचं म्हणणं आधी नीट ऐकू. मागणीपत्र युनियन देते. वाटाघाटीला नेते बसतात, कोर्टाच्या तारखा तेच करतात, वेळ आली तर निलंबनही त्यांच्याच वाट्याला येतं. करार झाला की पगारवाढ मात्र सगळ्यांना मिळते. आयुष्यात एक रुपया वर्गणी न दिलेलाही फरकाची रक्कम मोजून घेतो, आणि वर चहाच्या टपरीवर 'युनियनने काय केलं?' म्हणून विचारतो. अशा माणसाचा राग येतो, मलाही येतो.

आपल्या कोकण्यांना हे कोणी वेगळं शिकवायला नको. गावकीत दुसरं काय होतं? उत्सव सगळ्यांचा, म्हणून वर्गणी सगळ्यांची. इथपर्यंत कोणाची हरकत नसते. पण वर्गणीवरून, मानपानावरून, निवडणुकीत कोणाला मत दिलं यावरून एखादं घर वाळीत पडतं, तेव्हा काय होतं तेही आपण पाहिलंय. किराणा बंद, बोलणं बंद, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी इतक्या आल्या की महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सभासदत्व ही नोकरीची अट केली की युनियनच्या हातात हेच हत्यार येतं. वर्गणी वसूल होते, ही त्यातली किरकोळ बाब. खरी बाब अशी, की ज्याला युनियनमधून काढलं त्याची नोकरीही जाते. मग सर्वसाधारण सभेत उठून हिशेब कोण मागेल?

इंग्लंडमध्ये हे घडलेलं आहे. 1975 साली ब्रिटिश रेल्वेने तीन युनियनशी करार केला, की यांपैकी एकीचं सभासद असल्याशिवाय नोकरी नाही. यंग, जेम्स आणि वेब्स्टर या तिघांनी सभासद व्हायला नकार दिला. ते आधीपासून नोकरीत होते, तरी त्यांना काढलं. 1981 साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अशी प्रत्येक अट बेकायदा, असं मात्र त्या न्यायालयाने म्हटलं नाही. निकाल त्या तिघांपुरताच ठेवला. पुढे 1990 च्या कायद्याने, युनियनचा सभासद नाही म्हणून नोकरी नाकारणंच तिथे बेकायदा ठरलं.

आपल्याकडे अशी अट कायद्यात बसत नाही. महाराष्ट्राच्या 1971 च्या, युनियनच्या मान्यतेबद्दलच्या कायद्यात, युनियनमध्ये येण्यासाठी कामगारावर जबरदस्ती करणं ही युनियनकडून झालेली अनुचित प्रथा मानली आहे. पगारातून वर्गणी कापायची तरी कामगाराची लेखी संमती लागते. म्हणजे सभासदत्वाची सक्ती नाही. पण सक्तीचं आणखी एक रूप आहे, आणि ते मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या आपल्या माणसांनी भोगलंय. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार कापडगिरण्यांत वाटाघाटीचा अधिकार एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार या संघाबाहेरचे कामगारनेते दत्ता सामंत यांच्या मागे गेले. त्यातले किती रत्नागिरी-सिंधुदुर्गचे होते ते इथल्या घराघरांना ठाऊक आहे. कामगार एकीकडे आणि कायद्याने मानलेली युनियन दुसरीकडे. मालकांना आणि सरकारला सामंतांशी बोलायची गरजच पडली नाही. हजारो माणसं गावी परतली, शेतीला लागली, आणि संप मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही. सभासद व्हा असं त्यांना कोणी बळजबरीने सांगितलं नव्हतं. पण तुमच्या वतीने कोण बोलणार हे मात्र परस्पर ठरलं होतं. माझ्या मते ही सक्ती पावतीच्या सक्तीहून वाईट.

आता फुकट्यांचं काय? कॅनडात फोर्डच्या विंडसर कारखान्यातल्या संपानंतर 1946 साली न्यायमूर्ती आयव्हन रँड यांनी लवादाचा निवाडा दिला. सभासद व्हायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कराराचा फायदा सगळ्यांना मिळतो, म्हणून वर्गणी सगळ्यांच्या पगारातून कापावी. त्याबदल्यात युनियनवरही बंधन घातलं: संप करायचा तर आधी गुप्त मतदान घ्यायचं, आणि त्यात सभासद नसलेल्यांनाही मत द्यायचा हक्क. मला हा निवाडा पटतो. पैसे घेतले तर मतही द्या, इतका सरळ व्यवहार आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सरकारी नोकरांपुरती अशी कपातही घटनाबाह्य ठरवली. तो युक्तिवाद मला पटत नाही, पण आज त्यात शिरत नाही.

आपल्याकडे असं करायचं तर पहिला प्रश्न येईल, वर्गणी कोणाच्या खात्यात? एका गेटवर तीन युनियनचे बोर्ड असतात. 1971 च्या कायद्यात मान्यतेसाठी लागोपाठ सहा महिने किमान 30 टक्के सभासद दाखवावे लागतात, आणि ते ठरतं पावत्या-रजिस्टरं तपासून. एकाच कामगाराची पावती दोन युनियनकडे निघाली तर इथे कोणाला नवल वाटत नाही. म्हणून कोणती युनियन हवी याचं गुप्त मतदान आधी, कपात नंतर. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर वाटाघाटीच्या हक्कासाठी 51 टक्क्यांची अट आहे. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान 20 टक्के असलेल्या युनियनच्या प्रतिनिधींची परिषद.

आणि हे टक्के मोजायचे त्या आस्थापनेच्या मस्टरवरच्या कामगारांतून. रसायनाच्या कारखान्यात पिंपं उचलणारा, रिॲक्टर धुणारा पोरगा ठेकेदाराच्या मस्टरवर असतो. आज समोर बसलेल्यांत असे बरेच जण दिसतायत. तुमची सही ना 51 टक्क्यांत मोजली जाईल, ना मतदानाच्या यादीत तुमचं नाव येईल. सक्ती असावी की नसावी हा वाद कायम कामगारांनी जरूर घालावा, पण त्याआधी त्यांच्या युनियनने तुम्हाला सभासद करून घ्यायचं की नाही हे ठरवावं. इथे लोट्याच्या युनियनचे काही पदाधिकारी आलेत. प्रश्नोत्तरांत पहिला माईक त्यांच्याकडे देऊ.