आठ फेऱ्या, दहा मिनिटं

(दृश्य: तरणतलाव, सकाळचा उजेड, पाण्यात एकही माणूस नाही)

सकाळचे सव्वासहा. तिकडे तलावपाळीवर फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू झालीय. ठाण्यातल्याच या २५ मीटरच्या तरणतलावावर मात्र अजून पाणी हललेलं नाही. पायरीवर बसून काकू चष्मा डबीत ठेवतायत. वय ५२. डिसेंबरात मालवणला जायचंय, स्कूबाचं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायचं पहिलं प्रमाणपत्र घ्यायला. 'ओपन वॉटर डायव्हर'.

तारकर्लीला पर्यटक बुडी मारतात, ते वेगळं. तिथे पोहता आलं नाही तरी चालतं. प्रशिक्षक धरून नेतो, फोटो निघतो, वर येऊन भजी. काकूंच्या प्रमाणपत्राचं कार्ड मिळालं की जोडीदाराबरोबर १८ मीटरपर्यंत आपलं आपण उतरायचं.

(दृश्य: काकूंचे पाय, पाण्याखालून)

हे प्रमाणपत्र देणारी संस्था 'पाडी'. तिची अट अशी: २०० मीटर सलग पोहायचं. कसंही पोहा, वेळेचं बंधन नाही. मास्क, पायात फिन्स, तोंडात स्नॉर्केलची नळी लावणार असाल तर ३०० मीटर. शिवाय कशालाही न धरता १० मिनिटं तरंगायचं.

म्हणजे इथे आठ फेऱ्या. काकूंचा उजवा पाय बघा, दर वेळी थोडा वाकडा जातो. ही खोड विहिरीतली. जुन्नरकडचं गाव, पाठीला झाळून बंद केलेला तेलाचा डबा, कमरेला दोर, दोराचं टोक काठावर वडिलांच्या हातात. पहिले चार दिवस नुसत्या गटांगळ्या. पाचव्या दिवशी दोर सैल सोडला. आठव्या दिवशी डबाच सोडला, न सांगता. मग बारावी, लग्न, घोडबंदरचा फ्लॅट. तीस वर्षं पाण्यात पाय नाही.

बुडी मारताना अंगात घालतात त्या जॅकेटात हवा भरली की माणूस तरंगतोच, मग पोहायचं कशाला, असं विचारणारे भेटतात. काकूंच्या एका मैत्रिणीला एका ठिकाणी चाचणी न घेताच कार्ड देऊ केलं होतं. पण बोट लांब राहिली, पाण्याला ओढ आली, अंगावरच्या सामानाने दगा दिला, की दम सांभाळायचा तो आपल्यालाच.

(दृश्य: आठवी फेरी, हात कठड्याला लागतो)

गेल्या आठवड्यात सहाव्या फेरीला पोटरीत गोळा आला होता. आज आठ झाल्या. घड्याळ आम्ही लावलं नव्हतं.

(दृश्य: वरून, पाण्यावर उताण्या काकू)

आता तरंगणं. "काकू, पाणी दाबू नका, त्याच्यावर झोपा," सर काठावरून सांगतात. हात बाजूला, हनुवटी वर. मान ताठ धरली की पाय खाली जातात. तिसऱ्या मिनिटाला गेले, परत आले.

दहाव्या मिनिटाला सरांनी शिट्टी वाजवली. काकूंचे कान पाण्याखाली होते. त्यांना ऐकूच गेली नाही.