लाल दिव्याचं ऐका

मंडळी, बॅटरी उतरली की आपला हात आधी अल्टरनेटरकडे, म्हणजे इंजिनवर चालून बॅटरी भरणाऱ्या जनित्राकडे जातो. नवा अल्टरनेटर बसतो, पैसे जातात आणि आठवड्यात बॅटरी पुन्हा उतरते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत दोष पुष्कळदा वायरींत असतो, म्हणून मी आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

उदाहरण एमजीबी या स्पोर्ट्स कारचं घेऊ. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला ही गाडी १९६२ ते १९८० या काळात बनली. सुरुवातीच्या गाड्यांत अल्टरनेटरऐवजी जुन्या पद्धतीचा डायनॅमो होता आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. १९६७च्या अखेरीस अल्टरनेटर आला आणि निगेटिव्ह टोक बॉडीला गेलं. मधल्या पन्नास वर्षांत कुणी काय बदललंय कुणास ठाऊक! तेव्हा हत्यार उचलण्याआधी कुठली केबल बॉडीला गेलीय ते डोळ्यांनी बघा. बॅटरी उलटी जोडली तर अल्टरनेटरमधले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तिथल्या तिथे जळतात.

आता डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ल्यूकस कंपनीच्या वायरिंगला नावं ठेवायची पद्धतच पडली आहे, ती मला मान्य नाही. त्यांच्या रंगांना शिस्त आहे. तपकिरी वायर बॅटरीवरून थेट येते, तिला फ्यूज नाही. पांढरी इग्निशन स्विचमधून येते. दिव्यातून अल्टरनेटरला जाते ती तपकिरी, पिवळ्या रेघेची. आणि हा दिवा नुसता इशारा देत नाही. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आतच असलेल्या ल्यूकसच्या १६एसीआरसारख्या अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट याच २.२ वॉटच्या बल्बातून जातो. बल्ब गेला तर धडधाकट अल्टरनेटरसुद्धा कमी वेगात झोपलेला राहतो.

इग्निशन चालू केलं, इंजिन बंद आहे आणि दिवा लागत नाही. अशा वेळी अल्टरनेटरचा प्लग काढा आणि पिवळ्या रेघेची वायर बॉडीला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वायर ठीक. अल्टरनेटरचे कार्बन ब्रश किंवा त्याचं अर्थिंग, म्हणजे बॉडीशी असलेला जोड, तपासा. नाही लागला तर दोष दिव्याकडच्या बाजूला. मात्र त्याच प्लगमधली जाड तपकिरी वायर जिवंत आहे, ती बॉडीला लागता कामा नये.

इंजिन चालू असताना दिवा मंद तेवतोय? म्हणजे त्याच्या दोन टोकांचा व्होल्टेज सारखा नाही. इग्निशन स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट, प्लगमधला काळा पडलेला जोड किंवा अल्टरनेटरमधला एखादा डायोड, यांतलं काहीतरी बिघडलंय.

दिवा नीट वागतोय, तरी बॅटरी भरत नाही, तर मीटर काढा. इंजिन जरा वेगात ठेवा आणि हेडलाइट लावा. बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट हवेत. नसतील तर मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलला, दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर वाटेत कुठेतरी जोड गंजलाय. एमजीबीची बॅटरी सीटांच्या मागे असते आणि सुरुवातीच्या अनेक वर्षांच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एका केबलने जोडलेल्या असत. ती केबल हमखास विसरली जाते.

मग हीच चाचणी अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात करा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, त्यामुळे बॉडीपर्यंत करंट नेण्याचं काम अर्थिंगच्या एका पट्टीवर आहे. ती तुटली तर करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो. स्टार्टर मारताना ती केबल गरम लागली तर अल्टरनेटरला हात लावू नका. पट्टी बदला, दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून लख्ख धातूवर घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा.