मनालीला जाताना वाटेत लागणारं मंडी

नमस्कार श्रोतेहो. आपल्याकडची माणसं दर मे महिन्यात कुलू-मनालीला जातात, फोटो काढतात, सफरचंदाचा ज्यूस घेऊन येतात, आणि या सगळ्यात वाटेत बियास नदीच्या काठावर एक गाव लागतं तिथे गाडी जेमतेम चहापुरती थांबते. मीही पहिल्या वेळी असाच पुढे गेलो होतो. दुसऱ्या वेळी मात्र ठरवून दोन दिवस राहिलो, आणि आज त्याच गावाबद्दल बोलायचंय. हिमाचल प्रदेशातलं मंडी, जिल्ह्याचं ठिकाण.

तिथले लोक अभिमानाने सांगतात की काशीत ऐंशी देवळं तर आमच्याकडे एक्याऐंशी, म्हणून मंडीला छोटी काशी म्हणतात. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण सव्वीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी, पण बाजारातून चालताना दर दहा-वीस पावलांवर दगडी शिखर दिसतंच, कधी कपड्याच्या दुकानामागे, कधी कुणाच्या अंगणाला लागून. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं, की इथं देऊळ वेगळं काढून ठेवलेलं नाही, पोरं पायऱ्यांवर बसून अभ्यास करतात आणि म्हाताऱ्या बायका तिथेच भाजी निवडतात.

गावाच्या अगदी मध्यात भूतनाथाचं देऊळ. राजा अजबर सेनने १५२७ मध्ये नदीच्या डाव्या काठावर हे गाव वसवलं ते याच्याभोवती, आणि कथा आपल्या ओळखीचीच आहे, एक गाय रोज एका दगडावर दूध सोडायची, मग राजाला स्वप्न पडलं, खोदलं तर शिवलिंग. महाशिवरात्रीच्या आधी साधारण महिनाभर या पिंडीवर लोण्याचा लेप चढवतात, आणि रोज त्या लोण्यातून शंकराचं वेगळं रूप घडवतात. लोक आदल्या दिवशीचं रूप लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायला येतात.

पलीकडच्या काठाला जुनी मंडी, तिथे त्रिलोकनाथ. हे देऊळ अजबर सेनच्या राणीने, सुलतान देवीने, १५२० मध्ये बांधलं, म्हणजे नव्या गावाच्याही आधी. आत तीन मुखांचा शंकर नंदीवर बसलाय, सोबत पार्वती. तिकडून नदीपलीकडे बघितलं की समोर पंचवक्त्राचं देऊळ, सुकेती आणि बियास जिथे मिळतात त्या संगमावर, पाच मुखांचा महादेव.

जुलै २०२३ मध्ये बियासला पूर आला तेव्हाचे व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. मातकट पाणी पंचवक्त्राच्या देवळाला चारी बाजूंनी भिडलेलं, वर फक्त शिखर दिसत होतं. शेजारचा लोखंडी पूल वाहून गेला, देऊळ मात्र उभं राहिलं. मी ते व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होतो, कारण त्याच पायऱ्यांवर बसून मी एक अख्खी संध्याकाळ काढली होती. त्या पुरात लोकांची घरं गेली, माणसं गेली, तेव्हा देऊळ वाचलं एवढंच म्हणून थांबता येत नाही, पण दगडावर दगड रचून शेकडो वर्षांपूर्वी काम करणाऱ्या त्या कारागिरांना मनोमन हात जोडावेसे वाटतात.

सुकेतीच्या काठाला आणखी एक गोष्ट आहे, बरसेले. उभे दगडी खांब, काही माणसापेक्षा उंच. मेलेल्या राजाची आकृती आणि खाली त्याच्यासोबत सती गेलेल्या बायकांच्या लहान लहान आकृत्या ओळीने कोरलेल्या. आपल्या गावाच्या वेशीवरच्या सतीशिळा आणि वीरगळ ज्यांनी बघितलेत त्यांना ते लगेच ओळखू येतील. मी बोट ठेवून मोजायला लागलो, आणि एका ओळीनंतर मोजवेना.

आता शिवरात्रीची जत्रा. मंडीचा मालक राजा नाही, माधोराय आहे, म्हणजे कृष्ण. सतराव्या शतकात राजा सूरज सेनचे सगळे मुलगे त्याच्या डोळ्यांदेखत गेले, तेव्हा त्याने माधोरायाची चांदीची मूर्ती घडवून घेतली आणि सगळं राज्य देवाच्या पायाशी ठेवलं. त्यामुळे आजही जत्रेची मिरवणूक, तिला जलेब म्हणतात, माधोरायाच्या पालखीशिवाय निघत नाही. डोंगरदऱ्यांतून दोनशेच्या आसपास देव आपापल्या रथात येतात, रथ म्हणजे चाकं नसलेले, खांद्यावर वाहायचे, त्यावर मोहरे लावलेले, मोहरे म्हणजे आपले देवाचे मुखवटे. कोकणात शिमग्याला पालखी नाचवतात ना, तसेच हे रथ खांद्यावर डोलतात, दोन देव भेटले की एकमेकांकडे झुकतात, आणि रणसिंग वाजायला लागलं की अंगावर काटा येतो. गावोगावचे देवलू, म्हणजे देवासोबतची माणसं, पायी चालत आलेली असतात. पंढरीच्या वाटेवर ज्याने पाय सुजवून घेतलेत त्याला त्यांच्या चेहऱ्यावरचा थकवा वेगळा समजवावा लागणार नाही.

या सगळ्यांत मोठा देव कमरुनाग, पावसाचा देव. तो सगळ्यांच्या आधी येतो, माधोरायाला भेटतो आणि मग थेट टेकडीवर टारना देवीच्या देवळात जाऊन बसतो, जलेबच्या मिरवणुकीत चालत नाही. खाली पड्डल मैदानावर जत्रा गजबजलेली असते, आणि लोक वेळ काढून, पायऱ्या चढून त्याला भेटायला वर जातात.

जेवणाचं राहिलंच की. तिथल्या लग्नकार्यातल्या पंगतीला धाम म्हणतात, जमिनीवर बसून, पानांच्या पत्रावळीवर. आणि मंडीत पहिला वाढतात गोडाचा पदार्थ, बुंदीचा. मग सेपू वडी, उडदाच्या डाळीची, पालकाच्या रश्श्यात. मी पहिला घास घेतला तेव्हा वाढणारे काका समोर थांबूनच राहिले, मी मान हलवली तेव्हा कुठे पुढे गेले, आणि जाता जाता पत्रावळीवर अजून दोन वड्या टाकून गेले.