पिस्ता: खायचा कसा, वापरायचा कसा

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय पिस्ता.

पिस्ता विकत घेण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी, की तो नुसता खायचा आहे की पदार्थात घालायचा आहे. नुसता खायला कवचासकट, भाजलेला, खारा पिस्ता घ्यावा. पदार्थासाठी मात्र सोललेला, कच्चा आणि बिनमिठाचा. इथे गल्लत झाली तर गोडात मीठ उतरतं आणि आधीच भाजलेला पिस्ता केकसोबत पुन्हा भाजला जाऊन तपकिरी पडतो. वजनाचंही लक्षात असू द्या. कवचाचं वजन जवळजवळ निम्मं भरतं, म्हणजे शंभर ग्रॅम गर हवा असेल तर कवचाचा पिस्ता दोनशे ग्रॅम आणायचा.

पिस्त्याच्या तोंडाशी जी फट दिसते ती झाडावरच पडते. आतला गर फुगत जातो आणि कवच आपोआप उकलतं. काही फळांत गर नीट भरत नाही, काहींत भरूनही कवच उकलत नाही. म्हणून मिटलेला पिस्ता म्हणजे खराब, असं सरसकट म्हणता येत नाही. पण तो दातांनी फोडायला जाऊ नका, दाताचा टवका उडेल. थोडीशी फट असेल तर खाल्लेल्या पिस्त्याचं अर्धं कवच तिच्यात आडवं सरकवून पिळा, चटकन उघडतं. फटच नसेल तर अडकित्ता.

आता रंगाकडे वळू. पिस्त्याचा गर आतपर्यंत हिरवा असतो, कारण त्यात पानांत असतं तेच हरितद्रव्य असतं. फळ लवकर काढलं तर गर जास्त हिरवा आणि जरा बारीक मिळतो, पूर्ण पिकू दिलं तर टपोरा पण पिवळसर. हे हरितद्रव्य फार नाजूक. जास्त आच लागली किंवा आंबट पदार्थाशी गाठ पडली की ते शेवाळी-तपकिरी होतं. म्हणून आइस्क्रीम भडक पोपटी दिसलं तर समजावं, की ती करामत रंगाच्या बाटलीची आहे. खऱ्या पिस्त्याचं आइस्क्रीम जरा मळकट हिरवं असतं, आणि तेच चवीला चांगलं लागतं.

हिरवेपणा उठून दिसायला हवा असेल तर वरची जांभळट साल काढावी लागते. पाण्याला खळखळून उकळी आली की सोललेले पिस्ते त्यात टाका, एक मिनिट ठेवा, लगेच निथळून गार पाण्यात घाला. मग जाड फडक्यात घेऊन चोळा. राहिलेले दाणे चिमटीत धरून हलके दाबले की साल बोटांत राहते आणि हिरवागार दाणा सुळकन बाहेर निसटतो. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं राहिले तर रंगही उतरतो आणि दाणा मऊ पडतो. सोलल्यावर ते पुसून पसरून ठेवा, मग शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं वाळवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, सतत हलवत. ही पायरी गाळू नका. ओले दाणे मिक्सरमध्ये घातले तर पूड होत नाही, चिकट लगदा होतो, आणि तसेच बरणीत भरले तर बुरशी येते.

पूड करताना बहुतेकांचं बिनसतं ते मिक्सर सलग फिरवल्यामुळे. पाती तापतात, तेल सुटतं आणि गोळा होतो. दाणे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. शंभर ग्रॅमला एक मोठा चमचा साखर घाला, ती सुटणारं तेल शोषून घेते. तीन-चार सेकंद फिरवायचं, थांबायचं, चमच्याने हलवायचं, पुन्हा फिरवायचं. मग चाळून भरड तेवढी परत फिरवा.

पिस्त्याचं बटर करायचं असेल तर हेच तेल सुटायला हवं. अडीचशे ग्रॅम बिनसालीचे दाणे दीडशे अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजा आणि कोमट असतानाच वाटायला घ्या. आधी भरड होईल, मग भांड्याच्या कडेला चिकटणारा कोरडा गोळा होईल. इथे धीर सुटतो आणि लोक पाणी घालतात. पाणी पडलं की गोळा आणखी घट्ट होतो, आणि टिकतही नाही. अधूनमधून मिक्सरला विश्रांती देत, कडा खरवडत दहा-बारा मिनिटं चिकाटी धरा, तेल सुटून मिश्रण वाहू लागतं. अगदीच अडलं तर बिनवासाचं तेल चमचाभर घालावं.

खारे पिस्ते घरीही होतात. कवचासकट कच्चे पिस्ते अडीचशे ग्रॅम, एक कप गरम पाणी, त्यात पंधरा ग्रॅम मीठ. अर्धा तास भिजवून निथळा आणि एकशे वीस अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवा, मधे दोनदा हलवा. बाहेर काढल्यावर दाणा मऊच लागेल. आणखी भाजत बसू नका, पूर्ण गार झाल्यावरच तो कुरकुरीत होतो.

बाजारातल्या कापांबद्दल थोडं. शेंगदाण्याला हिरवा रंग देऊन त्याचे काप पिस्ता म्हणून खपवले जातात. थोडे काप कोमट पाण्यात टाकून पाहा. पाणी लगेच हिरवं झालं तर रंग वरून दिलेला आहे. सालीसकट चिरलेल्या खऱ्या कापाच्या कडेला जांभळी रेघ दिसते.

साठवणीत सादळलेला आणि खवट यांत फरक करायला हवा. सादळलेला पिस्ता एकशे वीस अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवला की पुन्हा कुरकुरीत होतो. खवट झालेल्यावर मात्र इलाज नाही, त्यातलं तेलच बिघडलेलं असतं. बुरशी लागलेला तर फेकूनच द्यावा, कारण बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही. हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये सहा महिने, फ्रीजरमध्ये वर्षभर पिस्ता चांगला राहतो. डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. थंड दाण्यांवर दव धरतं आणि ते सादळतात.

किती खावा? सुमारे 28 ग्रॅम गर, म्हणजे साधारण पन्नास दाणे, यात 160 कॅलरी, सहा ग्रॅम प्रथिनं आणि तीन ग्रॅम तंतू मिळतात. सोलत सोलत खाल्ला तर हात आपोआप आवरतो. काजूची अॅलर्जी असणाऱ्यांनी पिस्त्यापासूनही दूर राहावं, दोन्ही एकाच कुळातले आहेत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. पूड किंवा बटर द्या.

उरलेली कवचं कुंडीतल्या मातीवर आच्छादन म्हणून पसरता येतात, माती लवकर सुकत नाही. खाऱ्या पिस्त्यांची असतील तर आधी रात्रभर पाण्यात भिजवा, ते पाणी फेका आणि कवचं दोनदा धुऊन घ्या. नाहीतर मीठ मातीत उतरून झाडाची पानं कडेने करपतात.